वसतिगृहाकडून घराकडे : प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या निवासी आधाराचा इतिहास आणि गुणवत्तेचा प्रश्न (विशेष संदर्भ : कोल्हापूर)

प्रस्तावना

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. या परंपरेमुळे कोल्हापूरचा उल्लेख 'वसतिगृहांची जननी' असा केला जातो. वसतिगृहाच्या कल्पनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : विद्यार्थी येतो, शिकतो आणि बाहेर पडून स्वतःचे घर उभे करतो. ज्या व्यक्तीला बौद्धिक अक्षमतेमुळे जन्मभर कमीअधिक साहाय्य लागते, तिच्याबाबत हे गृहीत लागू पडत नाही. तिला निवारा शिक्षणकाळापुरता नव्हे, तर आईवडिलांच्या पश्चातही हवा असतो. अशा आधाराची गुणवत्ता कशी ठरवावी, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कायद्यातील गल्लत आणि तिचे परिणाम

१९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यात मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षम व्यक्ती यांत भेद केलेला नव्हता. दोघांनाही एकाच व्याख्येत बसविण्यात आले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने 'मतिमंदत्व' मनोरुग्णतेच्या व्याख्येतून वगळले. ही सुधारणा योग्यच होती. तथापि मनोरुग्णालयाचे दार बंद करताना दुसरे कोणते दार उघडावे, हे त्या कायद्याने सांगितले नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने मतिमंदत्वाचा समावेश सात प्रकारच्या अपंगत्वांत केला. त्या कायद्याचा भर मात्र शिक्षण, रोजगार आणि आरक्षण यांवर होता. प्रौढपणी राहायचे कोठे, हा प्रश्न तसाच राहिला.

महाराष्ट्रात संस्थात्मक काळजीचा आरंभ मुलांपासून झाला. मुंबईत मानखुर्द येथे चिल्ड्रन्स एड सोसायटीचे मतिमंद मुलांसाठीचे निवासगृह १९४१ मध्ये, तर जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी स्थापन झाली. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु शाळा आणि बालगृह या दोन्ही व्यवस्था वयाशी बांधलेल्या होत्या. अठराव्या वर्षी बालगृहाची कायदेशीर मुदत संपते; अक्षमता मात्र संपत नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे, २०२४ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले शंकरबाबा पापळकर यांनी अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना संस्थेतच राहू द्यावे, ही मागणी सातत्याने मांडली. कायद्याची मर्यादा त्यातून स्पष्ट होते.

शिरूर आणि कवडास : दोन इशारे

निवारा मिळाला म्हणजे काळजी मिळाली, असे होत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासनमान्य निवासी संस्थेतील मतिमंद मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांच्या विरोधानंतर हा कार्यक्रम थांबला. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, उणीव मनुष्यबळाची व प्रशिक्षणाची होती. उपाय मात्र त्या स्त्रियांच्या शरीरावर करण्यात आला. संस्थेने व्यक्तीनुसार बदलावे, याऐवजी व्यक्तीलाच संस्थेच्या सोयीनुसार बदलण्यात आले.

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेतील बालमृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्यातील अशा संस्थांची न्यायालयाच्या देखरेखीखाली तपासणी झाली. या प्रकरणाने देखरेखीचा प्रश्न ऐरणीवर आणला. ज्या रहिवाशाला तक्रार शब्दांत मांडता येत नाही, त्याच्या बाबतीत केवळ तक्रारपेटी ठेवून भागत नाही.

पालकांचा पुढाकार आणि राष्ट्रीय न्यास

'आमच्या पश्चात याचे काय?' हा प्रत्येक पालकाचा प्रश्न. १९९० च्या दशकात या प्रश्नातूनच पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. बदलापूरची आधार, डोंबिवलीजवळील अमेय पालक संघटनेचे घरकुल आणि पुढे पुण्याजवळील नवक्षितिज ही त्याची ठळक उदाहरणे होत. शाळेच्या पलीकडे जाऊन प्रौढांच्या आजीवन निवासाचा विचार येथे झाला.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती व पालकत्वाची तरतूद केली. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा, असे बंधन त्यात आहे. मालमत्तेचा हिशेब कायद्याने मागितला. व्यक्तीचे दिवस कसे जातात, याचा हिशेब मात्र तितक्या नेमकेपणाने मागितला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला, तर कलम १४ ने व्यक्तीच्या वतीने निर्णय घेण्याऐवजी तिच्यासह निर्णय घेणाऱ्या मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली.

युरोपात हा वैचारिक बदल आधी सुरू झाला होता. डेन्मार्कच्या १९५९ च्या कायद्याने अक्षम व्यक्तीचे जीवन शक्य तितके इतरांसारखे असावे, हे तत्त्व स्वीकारले. त्यातूनच पुढे साहाय्यित निवासाची पद्धत विकसित झाली. तिच्यात घर आणि मदत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या जातात. घरावर हक्क रहिवाशाचा असतो. मदतनीस बदलला तरी घर सुटत नाही.

कोल्हापूरची स्थिती

कोल्हापुरात शेंडा पार्क येथील चेतना अपंगमती विकास संस्थेने बौद्धिक अक्षम मुलांचे शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण यांची भक्कम परंपरा निर्माण केली आहे. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेने उचगाव येथे 'घरौंदा' वसतिगृह उभारले. शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांनी तेथे शिकून स्वावलंबी व्हावे, ही त्यामागील दृष्टी शाहूकालीन वसतिगृहांशी नाते सांगणारी आहे.

बौद्धिक अक्षम प्रौढाचा प्रश्न मात्र येथेच वेगळा होतो. शाळा आणि कार्यशाळा दिवसाचा आधार देतात. संध्याकाळनंतरचा भार प्रामुख्याने कुटुंबावर, त्यातही आईवर आणि पुढे भावजयीवर किंवा बहिणीवर पडतो. एकत्र कुटुंब लहान होत गेले, तशी ही व्यवस्थाही क्षीण झाली. शिवाय या व्यक्ती स्वतः वृद्ध होत आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे इतरांपेक्षा लवकर दिसतात. सत्तरी ओलांडलेली आई आणि पन्नाशीकडे झुकलेला मुलगा, दोघांनाही एकाच वेळी काळजीची गरज भासते.

गुणवत्तेचे निकष

संस्थेच्या तपासणीत खाटा, स्वच्छतागृहे, नोंदवह्या व कर्मचारीसंख्या पाहिली जाते. हे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. उपरोक्त इतिहासाच्या आधारे आणखी काही प्रश्न विचारावे लागतील. रहिवाशाला स्वतःचे कपाट आहे का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते? आज कोणता सदरा घालायचा, हे कोण ठरवते? कार्यशाळेत मिळालेले पैसे त्याच्या हाती येतात का? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला किंवा एरवी रंकाळ्यावर फिरायला त्याला त्याच्या मर्जीने जाता येते का? तो नाही म्हणाला, तर ते ऐकले जाते का? मदतनीस वारंवार बदलतात की त्याच्या खुणा ओळखण्याइतका काळ टिकतात? या अखेरच्या प्रश्नाचा थेट संबंध मदतनिसांच्या वेतनाशी व प्रशिक्षणाशी आहे. बोलता न येणाऱ्या रहिवाशाचे दुखणे प्रथम त्यांनाच कळते.

निष्कर्ष

बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या निवासाचा महाराष्ट्रातील प्रवास मनोरुग्णालय, बालगृह आणि पालकांनी उभारलेले आजीवन निवासगृह अशा टप्प्यांनी झाला. प्रत्येक टप्प्यावर निवारा वाढला. निर्णयाचा अधिकार मात्र त्याच गतीने वाढला नाही. शिरूरच्या घटनेने दाखवून दिल्याप्रमाणे, हा अधिकार नसेल तर निवाराच व्यक्तीवर उलटू शकतो. कोल्हापूरने शतकापूर्वी ज्यांना शहरात राहायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी दारे उघडली. त्या परंपरेचा पुढील टप्पा आणखी एखादी मोठी इमारत हा नसून, वस्तीत, शेजाऱ्यांच्या सोबतीने, पुरेशा मदतीसह चालणारी लहान घरे हा असू शकतो. वसतिगृहाचे यश तेथून बाहेर पडणाऱ्यांवरून मोजले गेले; या घरांचे यश तेथे राहणाऱ्यांच्या रोजच्या दिवसावरून मोजावे लागेल.