परघरचें वर्ष

अतिथि आणि पुत्र हे दोन्ही शब्द आमच्या घरांत नित्य ऐकूं येतात. परंतु त्यांच्यामधील अंतर मोजण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. अतिथीला आपण मानाच्या जागीं बसवितों, त्याच्या पानांत आधीं वाढतों, आणि तो केव्हां निघणार याचा हिशेब मनांतल्या मनांत करीत असतों. पुत्राला असला मान नसतो. त्याला शिळी पोळी वाढतां येते, त्याच्यावर रागावतां येतें, आणि घरांत साखर संपली तर त्यालाच दुकानांत पिटाळतां येतें. सोळा-सतरा वर्षांच्या परक्या मुलाला वा मुलीला अतिथि म्हणून घरांत घ्यावयाचें आणि वर्षाच्या आंत त्या अतिथीचें पुत्रांत किंवा कन्येंत रूपांतर करावयाचें, असा एक विलक्षण उद्योग गेल्या शतकांत अनेक देशांनीं आरंभिला. यालाच विद्यार्थि-विनिमय म्हणतात. हें रूपांतर ज्या देशांत फार सहज घडतें अशी ख्याति आहे तो ब्राझील होय. तेथें तें इतकें सहज कां घडतें याचा इतिहास प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे. तो इतिहास वाटतो तितका गोड नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवलेलें बरें.

विनिमयाचा उगम शाळेंत नाहीं, रणांगणावर आहे. पहिल्या महायुद्धांत अमेरिका १९१७ च्या एप्रिलांत उतरली. पण त्यापूर्वीं १९१५ मध्येंच कांहीं अमेरिकन तरुण फ्रेंच सैन्यासाठीं जखमी वाहून नेणाऱ्या गाड्या हांकूं लागले होते. 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' या त्यांच्या पथकाचा प्रवर्तक पायट अँड्र्यू हा एके काळीं हार्व्हर्डमध्यें अर्थशास्त्र शिकवीत असे. दुसऱ्या महायुद्धांत हें पथक पुन्हां उभें राहिलें, आणि त्याच्या गाड्या आमच्या ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरही धांवल्या. युद्ध संपल्यावर स्टीफन गॅलाटी याच्या पुढाकारानें या सारथ्यांनीं ठरविलें कीं, मोडलेलीं माणसें वाहून नेण्यापेक्षां न मोडलेलीं मुलें एका देशांतून दुसऱ्या देशांत न्यावीं. १९४७ सालीं १० देशांतील ५२ मुलामुलींनीं या योजनेचा आरंभ झाला. परक्या कुटुंबांत राहून देश ओळखावा हा विचार त्यापूर्वींच डोनाल्ड वॉट यानें १९३२ पासून चालविला होता. रोटरीच्या मंडळांनीं युरोपांत असेच प्रयोग केले होते. आणि १९५१ मध्यें रेचल अँड्रेसन या बाईंनीं ७५ जर्मन मुलांना मिशिगनमधील घरांत ठेवून आणखी एक संस्था उभी केली.

या सर्वांच्या मुळाशीं एकच श्रद्धा होती. एकमेकांच्या स्वयंपाकघरांत मिठाचा डबा कोठें असतो हें ज्यांना ठाऊक आहे, तीं माणसें एकमेकांवर तोफा डागावयास कचरतील, ही ती श्रद्धा. ती सर्वस्वीं खरी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. १९१४ सालीं इंग्लंडचा राजा, जर्मनीचा कैसर आणि रशियाचा झार हे एकमेकांचे आप्तच होते, व एकमेकांच्या घरीं पुष्कळ जेवलेले होते. परंतु राजांची गोष्ट वेगळी. त्यांना स्वयंपाकघर दिसतच नाहीं.

आतां ब्राझीलकडे वळूं. तेथें अशा मुलाला 'इंतेर्कांबिस्ता' म्हणतात. तेथील शालेय वर्ष फेब्रुवारींत सुरू होऊन डिसेंबरांत संपतें, आणि शाळा बहुधा अर्ध्या दिवसाची असते. त्यामुळें उरलेला अर्धा दिवस मुलाला घराचाच होऊन राहावें लागतें. दिवसाचें मुख्य जेवण दुपारचें. त्यांत भात आणि घेवड्याचें दाट कालवण हीं ठरलेलीं. वर कसाव्याच्या कंदाचें भाजलेलें पीठ भुरभुरून घेतात. याच कंदापासून आमच्या उपवासाचा साबुदाणा होतो, हें आमच्या कित्येक सोंवळ्या घरांत अद्यापि कोणाला ठाऊक नसेल! भेटतांना गालाला गाल लावून चुंबनाचा आवाज करावयाचा. रिओंत दोनदां, साओ पावलोंत एकदां. आणि थोड्याच दिवसांत त्या घरच्या गृहिणीला 'मांइ' व गृहस्थाला 'पाइ' म्हणूं लागावयाचें, म्हणजे आई आणि बाबा. 'मांइ' हा उच्चार आमच्या 'माई'च्या इतका जवळ आहे कीं, मराठी मुलाची जीभ तेथें अडखळूं नये.

जीभ अडखळूं नये अशीं दुसरींही कारणें आहेत. गोमंतकांत पोर्तुगीज साडेचारशें वर्षें राहिले, आणि ब्राझील १८२२ पर्यंत त्यांच्याच ताब्यांत होता. त्यामुळें चावी, साबण, बटाटा, पाव हे शब्द मराठी मुलाला त्या घरांत थोड्या वेगळ्या स्वरांत पुन्हां भेटतात. काजू तर मूळचा तेथलाच. झाडही तेथलें आणि नांवही तेथील तूपी लोकांच्या भाषेंतलें. उलट आंबा आणि फणस येथून तिकडे गेले, व 'मांगा' आणि 'जाका' हीं मलबारी नांवें बरोबर घेऊन गेले. मौज अननसाची आहे. हा शब्द दक्षिण अमेरिकेच्या आदिवासींकडून पोर्तुगीजांनीं उचलला व आम्हांस आणून दिला; पण ब्राझिली माणूस स्वतः त्या फळाला 'अबाकाशी' म्हणतो. आम्हीं त्यांचा शब्द सांभाळला आणि त्यांनीं दुसराच घेतला. या यादींतील एक शब्द मात्र आम्हीं मुद्दाम मागें ठेवला आहे. तो पुढें येईल.

परक्याला घरचें करण्याची ही कला ब्राझीलनें विनिमय-संस्थांकडून शिकलेली नाहीं. ती त्याच्या घरांत जुनीच आहे. माशादो दि आसिस या थोर कादंबरीकाराच्या 'दों काझ्मुर्रो' (१८९९) या कादंबरींत जोझे दियास नांवाचें एक पात्र आहे. वैद्य म्हणून तो एका श्रीमंत कुटुंबांत शिरतो, आपण वैद्य नाहीं असें मागाहून स्वतःच कबूल करतो, आणि तरीही तेथेंच राहतो; जेवतो, सल्ला देतो, घरच्या मुलाच्या भवितव्यांत लुडबूड करतो. अशा माणसाला तिकडे 'आग्रेगादो' म्हणत. आमच्याकडील 'आश्रित' हा शब्द त्याला चांगला लागू पडतो: घरांत जागा आहे, वांटा नाहीं. याच्याच शेजारी 'पाळलेलें मूल' ही दुसरी संस्था होती. खेड्यांतील गरिबाची मुलगी शहरांतल्या घरीं आणीत, तिला मुलीसारखी म्हणत, आणि तिच्याकडून घरचीं भांडीं, धुणें व लहान मुलें सांभाळून घेत. ती मुलगीही होती आणि मोलकरीणही होती. केव्हां कोण, हें घरच्या माणसांच्या सोयीवर अवलंबून असे.

या दोहोंच्याही मागें गुलामगिरी उभी आहे. आफ्रिकेंतून सुमारें ४८ लाख माणसें गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरविण्यांत आलीं. अमेरिका खंडांतील दुसऱ्या कोणत्याही देशांत इतकीं उतरलीं नाहींत. १३ मे १८८८ रोजीं राजकन्या इझाबेल हिनें मुक्तीच्या कायद्यावर सही केली. त्या खंडांत ही मुक्ति सर्वांत शेवटीं आली ती ब्राझीलमध्यें. तोंपर्यंत मळेवाल्यांच्या व शहरी धनिकांच्या घरांतून मुलांना दूध पाजणें, न्हाऊं घालणें, गोष्टी सांगून निजविणें हीं कामें काळ्या दासी करीत.

१८६० च्या सुमारास रेसीफे शहरांत काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत एक गोरा मुलगा आपल्या दाईला बिलगून उभा आहे. त्याचें डोकें तिच्या खांद्यावर टेकलेलें आहे, दोन्ही हातांनीं त्यानें तिचा दंड धरला आहे. तिनें उंची वस्त्र आणि शाल घेतली आहे, आणि ती सरळ समोर पाहते आहे. मुलाचा विश्वास खोटा नाहीं. तसला बिलगणें शिकवून येत नाहीं. परंतु चित्राच्या नोंदींत मुलाचें नांव आगुस्तो गोमिस लेआल असें आडनांवासह आहे, आणि बाईचें नुसतें मोनिका. तिचीं स्वतःचीं मुलें होतीं काय, तिच्या दुधाचा वांटा त्यांना मिळाला काय, हें त्या नोंदींत नाहीं. आम्हीं हें चित्र अनेकदां पाहिलें आहे. मुलाकडे पाहिलें कीं माया दिसते, बाईकडे पाहिलें कीं दृष्टि खालीं वळते.

या घराचा अभ्यास ब्राझिली विद्वानांनीं केला तोही परघरीं राहून आल्यावर, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जिल्बेर्तु फ्रेइरी हा १९१८ सालीं अठरा वर्षांचा असतांना टेक्सासमधील बेलर विद्यापीठांत गेला, पुढें कोलंबियांत मानवशास्त्रज्ञ बोआस याच्या हाताखालीं शिकला, आणि १९३३ मध्यें मळेवाल्याचा वाडा व गुलामांची चाळ यांवरील आपला ग्रंथ त्यानें प्रसिद्ध केला. सेर्जिओ बुआर्की दि ओलांदा हा बर्लिनमध्यें राहून आला, आणि १९३६ मध्यें त्याचें 'ब्राझीलचीं मुळें' हें पुस्तक निघालें. फ्रेइरीला त्या जुन्या घरांतील जवळीक प्रिय होती. इतकी कीं, तिच्या उबेंत चाबकाचा आवाज त्याला कधीं कधीं मंद ऐकूं येतो, असा आक्षेप पुढील पिढीनें त्याच्यावर घेतला आणि तो आम्हांस योग्य वाटतो. बुआर्कीचें पुस्तक आकारानें लहान, पण दृष्टीनें अधिक तीक्ष्ण आहे. ब्राझिली मनुष्य हृदयानें वागतो, असें तो म्हणतो. पण याचा अर्थ तो सभ्य असतो असा नव्हे. त्याला अंतर सोसत नाहीं. आडनांव गाळून पहिल्या नांवानें हांक मारणें, प्रत्येक शब्दाला लाडकें शेंपूट लावणें, व्यापाऱ्यालाही आधीं मित्र करून मग त्याच्याशीं व्यवहार करणें, हीं त्याचीं लक्षणें. याचा तोटा असा कीं, जेथें नियम हवा तेथेंही नातें येऊन बसतें.

परदेशी मुलाला आठवड्याभरांत 'माझें मूल' म्हणणारें घर तें हेंच. त्याच घरांत स्वयंपाकघराच्या मागें एक चिंचोळी खोली असते. विसाव्या शतकांत रिओ व साओ पावलो येथें उंच इमारती उठल्या तेव्हां वाडा आणि चाळ एकाच मजल्यावर आलीं: पुढें दिवाणखाना, मागें मोलकरणीची खोली, घरच्यांसाठीं एक उद्वाहक, नोकरांसाठीं दुसरा. बाई वीस-वीस वर्षें एकाच घरांत राही. तिच्याविषयीं विचारलें तर उत्तर ठरलेलें: ती घरांतलीच आहे. आतां तो राखून ठेवलेला शब्द सांगतों. तो आहे 'पगार'. हा शब्द आम्हांस पोर्तुगीजांनीं दिला. त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ 'पैसे चुकते करणें'. 'घरांतलीच आहे' या वाक्यानें नेमका हाच शब्द झांकला जातो. घरांतल्या माणसाला पगार कोण देतो? त्याचे कामाचे तास कोण मोजतो?

तास खरोखरच मोजले जात नव्हते. लाउदेलिना दि कांपुस मेलु या स्त्रीनें १९३६ सालीं सांतुस बंदरांत घरकामगारांची पहिली संघटना काढली. पण १९४३ च्या कामगार-संहितेंत घरकामाला जागा मिळाली नाहीं, आणि १९८८ च्या लोकशाही घटनेनेंही त्यांना कांहींच हक्क दिले. दिवसाला ८ व आठवड्याला ४४ तास ही मर्यादा त्यांना लागू झाली ती २०१३ च्या घटनादुरुस्तीनें. मुक्तीच्या कायद्यानंतर १२५ वर्षांनीं!

यानंतर दोन वर्षांनीं आना मुइलाएर्ती या दिग्दर्शिकेचा एक चित्रपट आला. 'ती परत किती वाजतां येणार?' असा त्याच्या नांवाचा अर्थ. साओ पावलोंतील श्रीमंतांच्या घरीं व्हाल नांवाची मोलकरीण आहे. मालकांच्या मुलाला तिनें वाढविलें. स्वतःची मुलगी दूर गांवीं ठेविली. ती मुलगी, जेसिका, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देण्यासाठीं त्याच घरीं येऊन राहते. पाहुण्यांची खोली रिकामी आहे, मग मीं ती कां घेऊं नये, असें तिला सहज वाटतें. ती पोहण्याच्या तलावांत उतरते, तेव्हां मालकीणबाई उंदीर दिसल्याचें निमित्त करून तलावच रिकामा करवितात. आम्हीं तो चित्रपट पाहिला तेव्हां आमच्या मनांत सारखा विनिमयाचा मुलगा होता. तोही सतरा वर्षांचा, तोही परका, त्यालाही भाषा नीट येत नाहीं. त्याच्यासाठीं मात्र तीच खोली झाडून, चादर घालून तयार ठेविलेली असते. जेसिका देशांतलीच, भाषा तिचीच, आईही त्याच घरांत. आणि तिलाच त्या घरीं जागा नाहीं. जागा द्यावयाची कीं नाहीं हें माया ठरवीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल; परंतु ती एकटी ठरवीत नाहीं खास.

नात्याच्या शब्दांचा हा घोळ पाउलो फ्रेइरी या शिक्षणशास्त्रज्ञानें दुसऱ्या एका क्षेत्रांत दाखविला. ब्राझिली मुलें शिक्षिकेला 'तिया' म्हणतात, म्हणजे मावशी किंवा आत्या. १९९३ मध्यें त्यानें एक पुस्तकच लिहिलें, आणि त्याच्या नांवांतच सांगितलें कीं, शिक्षिका म्हणा, तिया म्हणूं नका. कारण मावशी संपावर जात नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं 'मावशी' येऊन भांडीं घासतात, त्यांनीं हें पुस्तक जरूर मिळवावें.

आमची एक विद्यार्थिनी महाविद्यालयांत येण्यापूर्वीं असें एक वर्ष साओ पावलो प्रांतांतील एका गांवीं राहून आली. तिच्या तेथील आईबद्दल ती अजून डोळ्यांत पाणी आणून बोलते, आणि तें पाणी खरें आहे. त्या घरीं काम करणाऱ्या बाई मालकिणीला 'दोना' लावून हांक मारीत. मालकीण त्यांना नुसत्या नांवानें. ही मुलगी दोघींनाही 'दोना' लावूं लागली, तेव्हां सारें घर हंसलें. ती भाषेंत चुकली असेंच त्यांना वाटलें. तिनें तें शेवटपर्यंत सोडलें नाहीं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यांत तिनें आपल्या घरच्या मावशींना त्यांचें आडनांव विचारलें. त्या अकरा वर्षें तेथें कामाला होत्या. मावशींनीं आधीं तिच्या आईकडे पाहिलें, आणि मग सांगितलें.