मुल्कोवालची बाटली आणि कोव्हिशील्डच्या गुठळ्या

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिलेली होती.

लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत बनली होती. ती तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली. मागणी वाढल्यावर त्यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करायला सुरुवात केली होती. चौकशी आयोगाचा रोख नेमका या बदलावर राहिला. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. पण मुल्कोवालात बाटली उघडण्याआधी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात हे ठाऊक असूनही या चिमट्याला निष्कर्षात वजन मिळाले नाही, ही चूक साधी म्हणता येणार नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा पुन्हा तपासला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिले, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

या संस्थेला सीरमसाठी पूनावाला घराण्याच्या तबेल्यातून म्हातारे घोडे जात. त्याच घराण्याने १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट काढली. तिची कोव्हिशील्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाचीच कोव्हिडवरील लस, आणि मार्च २०२१ मध्ये युरोपात ती घेतलेल्या काही धडधाकट माणसांच्या मेंदूतील शिरांत गुठळ्या आढळल्या. प्लेटलेटही घटलेल्या होत्या. या वेळी बाटली शुद्ध होती, तरी दोष लशीकडेच आला. महिनाभरात नॉर्वे, जर्मनी आणि ऑस्ट्रियातील संशोधकांनी कारण दाखवून दिले: क्वचित कोणाच्या शरीरात प्लेटलेटमधील एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटू लागतात. कोव्हिडमध्ये गुठळ्या कितीतरी जास्त होतात, पण तिथे मूळ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला येणाऱ्या सुजेत असते. म्हणून उपचारही वेगळे पडले. कोव्हिडच्या रुग्णाला सर्रास दिले जाणारे हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध इथे टाळले जाऊ लागले. लशींच्या दुष्परिणामांची तपासणी करणाऱ्या भारताच्या राष्ट्रीय समितीला मे २०२१ पर्यंत कोव्हिशील्डनंतर गुठळ्या झालेले २६ संभाव्य रुग्ण आढळले, दहा लाख डोसांमागे ०.६१.