नेटबुक : वायफाय जोडणीतील दोष व निवारण

सात ते दहा इंची पडद्याच्या स्वस्त, हलक्या लॅपटॉपला नेटबुक म्हणतात. त्यावर वायफाय न दिसणे, दिसूनही न जोडले जाणे आणि जोडले जाऊनही इंटरनेट न चालणे हे तीन निराळे दोष होत. बोलण्यात तिन्हींना ‘वायफाय चालत नाही’ असेच म्हटले जाते आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिला दोष बहुधा यंत्रात किंवा ड्रायव्हरमध्ये असतो, दुसरा राउटरशी न जुळल्यामुळे येतो, तर तिसऱ्याचा वायफायशी बहुतेक वेळा संबंधच नसतो.

या वर्गाची सुरुवात तैवानच्या असूस कंपनीच्या ईईई पीसी ७०१ (२००७) या यंत्राने झाली. ७ इंची पडदा, ५१२ मेगाबाइट रॅम, ४ गीगाबाइट साठवण आणि सीडी ड्राइव्ह नाही, असा त्याचा संसार होता. पुढच्याच वर्षी एसरचा ॲस्पायर वन आणि डेलचा इन्स्पिरॉन मिनी ९ आले.

न दिसणाऱ्या वायफायमागे अनेकदा बंद कळ असते. ईईई पीसीवर एफएन आणि एफ२ या कळा एकत्र दाबून वायफाय चालू-बंद होते. सुरुवातीच्या ॲस्पायर वनमध्ये पुढच्या कडेला सरकती पट्टी आहे. ईईई पीसीची गंमत अशी, की वायफाय बंद केल्यावर कार्ड संगणकाच्या यादीतूनच नाहीसे होते. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली तरी त्याचे नाव येत नाही. अशा वेळी कार्ड जळाले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी बायोसमधील ‘ऑनबोर्ड डब्ल्यूलॅन’ हा पर्याय पाहावा.

ड्रायव्हरचा इतिहास अधिक त्रासदायक आहे. ७०१ मध्ये ॲथेरॉसची एआर५००७ईजी चिप होती. असूसने दिलेल्या झँड्रॉस लिनक्सवर ती बिनतक्रार चाले; ते काढून उबुंटू टाकले की वायफाय गायब. तेव्हाच्या ‘मॅडवायफाय’ ड्रायव्हरचा चिपशी थेट बोलणारा भाग बंदिस्त होता आणि त्याच्या चालू आवृत्तीला ही नवी चिप ओळखू येत नव्हती. मग कुणी ठिगळ लावलेली आवृत्ती वापरी, तर कुणी ‘एनडिसरॅपर’ वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधी. पूर्ण खुला ‘एथ५के’ ड्रायव्हर एप्रिल २००८ मधील २.६.२५ या कर्नेलपासून आला आणि पुढे स्थिरावला. ब्रॉडकॉमची ४३१२ चिप असलेल्या मिनी ९ चे दुखणे जास्त टिकले. तिच्यासाठी फर्मवेअर निराळे उतरवून घ्यावे लागे. ब्रॉडकॉमने २०१० मध्ये खुला ड्रायव्हर दिला, पण त्यात या चिपचा समावेश नव्हता. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, हा पेच लॅन केबल लावून सोडवावा. तो सोडवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

राउटरकडील अडचणी काळाबरोबर वाढल्या. जुन्या नेटबुकांची कार्डे ८०२.११बी आणि जी या मानकांची, म्हणजे फक्त २.४ गीगाहर्ट्झची आहेत. राउटर ५ गीगाहर्ट्झवरच चालत असेल, तर त्याचे नाव दिसणारच नाही. अमेरिकेसाठी बांधलेले कार्ड ११ व्या चॅनेलपर्यंतच ऐकते. भारतात १२ आणि १३ ही चॅनेलेही वापरता येतात, तेव्हा परदेशातून आणलेल्या यंत्राला शेजारच्याचे वायफाय दिसते, घरचे नाही, असे घडू शकते. राउटर १, ६ किंवा ११ वर बांधून ठेवला की हा प्रश्न मिटतो. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ला डब्ल्यूपीए-२ साठी वेगळे अपडेट लागे; सर्व्हिस पॅक ३ (२००८) मध्ये ते आले. केवळ डब्ल्यूपीए-३ वर ठेवलेल्या राउटरला ही यंत्रे जोडली जात नाहीत. सगळ्या घराची सुरक्षा उतरवण्यापेक्षा जुन्या यंत्रासाठी २.४ गीगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए-२ एईएसचे वेगळे पाहुणे-नेटवर्क करावे.

जोडणी झाल्यावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. पत्ता ठीक असूनही सर्व सुरक्षित संकेतस्थळे ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणत असतील, तर आधी तारीख पाहावी. बायोसचे घड्याळ चालवणारा छोटा सेल संपला, की यंत्र कित्येक वर्षे मागे जाते आणि आजची प्रमाणपत्रे त्याला भविष्यातली वाटतात. लोक राउटर बदलतात. दोष मात्र काही रुपयांच्या सेलचा असतो. तारीख बरोबर असेल, तर ब्राउझर जुना असण्याची शक्यता मोठी. सार्वजनिक वायफायची तऱ्हा निराळी. मुंबई सेंट्रल स्थानकात जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सेवेसारख्या सेवांत आधी लॉगिनचे पान भरावे लागते. ते आपोआप उघडले नाही, तर ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा एखादा साधा पत्ता टाकावा.

झाकण हलवल्यावर सिग्नल कमी-जास्त होत असेल, तर पडद्याभोवतून बिजागरीतून खाली येणारी अँटेनाची वायर तुटत आली आहे किंवा कार्डावरून निसटली आहे. कार्ड बदलता येते, पण काही कंपन्यांचे बायोस परके कार्ड नाकारते. त्यापेक्षा यूएसबी डोंगल बरा. मात्र घेताना डब्यावरचा वेग न पाहता आत कोणती चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर आपल्या प्रणालीत आहे का, ते पाहावे.

प्रणाली निवडायला आता फारसा वाव उरलेला नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. अनेक नेटबुकांतील ॲटम एन२७० हा ३२ बिटांचा प्रोसेसर असून, डेबियन लिनक्सने अशा यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून बंद केला आहे.