तारुण्यपीटिका, भांग आणि एक ‘प्राचीन’ जेल

१/ कॅनाबिडिऑल हे भांगेच्या झाडातील एक द्रव्य. ते घातलेले जेल लालसर, सुजलेल्या मुरमांवर लावणे हा आपला प्राचीन उपाय होय, असे हल्ली सहज म्हटले जाते. नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांतील सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना हा दावा भुरळ घालू शकतो. जुने ग्रंथ मात्र वेगळेच सांगतात. 🧵

२/ मुरमांची नोंद खरोखरच जुनी आहे. तरुणांच्या चेहऱ्यावरील, सावरीच्या काट्यांसारख्या, आत मेद असलेल्या पुटकुळ्यांना वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ‘मुखदूषिका’ म्हटले आहे. त्यावर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे.

३/ हा ग्रंथ मराठवाड्याला परका नव्हता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. आजचा नांदेड-लातूर परिसर तेव्हा यादवांच्याच राज्यात होता.

४/ ‘शार्ङ्गधरसंहिते’त भांग येते, ती पचण्याआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून. त्याच ग्रंथात तारुण्यपीटिकांवरचा लेपही आहे. पण तो पुन्हा लोध्र, धने आणि वेखंड यांचाच. रोग आणि वनस्पती एकाच ग्रंथात असूनही ग्रंथकाराने त्यांची सांगड घातलेली नाही.

५/ ती सांगड आधुनिक प्रयोगशाळेत घातली गेली. अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये कॅनाबिडिऑल वेगळे केले. १९६३ मध्ये इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि युवाल श्वो यांनी त्याची रचना उलगडली. त्वचेतील तेलग्रंथींच्या मानवी पेशींत हे द्रव्य तेलनिर्मिती आणि दाह दोन्ही कमी करते, असे हंगेरीतील डेब्रेत्सेनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले.

६/ पेशींवर जे दिसले, ते रुग्णांवर मात्र सिद्ध झाले नाही. ऑस्ट्रेलियातील बोटॅनिक्स कंपनीने २०१९ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचा निकाल जाहीर केला. औषध लावलेल्यांचे मुरूम कमी झाले. पण कॅनाबिडिऑल नसलेले मिश्रण लावलेल्यांचेही जवळजवळ तितकेच कमी झाले.

७/ म्हणजे ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द जुना, भांगेची ओळखही जुनी. हा उपचार मात्र आपल्या काळातला आणि अजून अपुऱ्या पुराव्याचा. दाहक मुरमांवरील उपचार लांबले, तर चेहऱ्यावर कायमचे व्रण राहू शकतात. ॲडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड यांसारखी चाचण्यांत उतरलेली औषधे उपलब्ध आहेत. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवण्यासाठी परंपरेच्या दाखल्याची गरज नाही.