नाताळचा आठवडा आणि नागपूरची नभोवाणी

ज्या आठवड्याला मराठीत 'नाताळ' म्हणतात, त्याचे नाव इंग्रजीतून आलेले नाही. ते पोर्तुगीजांच्या मार्गाने मराठीत उतरले. सुट्टी मात्र इंग्रजी राजवटीची होती. न्यायालये, कचेऱ्या व महाविद्यालये या आठवड्यात बंद राहत, आणि वकील, अध्यापक व नोकरवर्ग यांना प्रवासाची मोकळीक मिळे. परिणामी एका धर्माचा सण हा अवघ्या सुशिक्षित हिंदुस्थानच्या सार्वजनिक वक्तृत्वाचा हंगाम बनला. राष्ट्रीय सभेची अधिवेशने दीर्घकाळ याच दिवसांत भरत. नागपुरात ती 1891 च्या व 1920 च्या डिसेंबरात भरली. नागपूरच्या नभोवाणीवरील नाताळच्या दिवसांतील भाषणांचा विचार करताना ही पूर्वपीठिका ध्यानी घ्यावी लागते. कारण नभोवाणी येथे आली ती बोलण्याची रूढी नसलेल्या आठवड्यात नव्हे, तर बोलण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या आठवड्यात.

1920 च्या अधिवेशनास चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले होते. अध्यक्षस्थानी विजयराघवाचार्य होते. असहकाराचा ठराव तेथे कायम झाला. तसेच राष्ट्रीय सभेची नवी घटना संमत होऊन प्रांतिक समित्यांची रचना भाषेच्या पायावर करण्याचे ठरले. याच सभेत जिना यांनी 'मिस्टर गांधी' असा उल्लेख करताच श्रोत्यांनी त्यांना ओरडून अडविले. हा प्रसंग राजकीय इतिहासात वारंवार सांगितला जातो. परंतु भाषणाच्या इतिहासातही त्याला महत्त्व आहे. मंडपातील श्रोता वक्त्याला उत्तर देऊ शकत होता, आणि वक्त्याचे बोलणे श्रोत्यांच्या संमतीवर अवलंबून होते. नभोवाणीने हा संबंध मुळापासून बदलला. यापुढे वक्ता अदृश्य झाला आणि श्रोता मूक झाला.

हिंदुस्थानात नियमित ध्वनिक्षेपण 1927 मध्ये मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाले. नागपूरला स्वतःचे केंद्र मिळण्यास आणखी एकवीस वर्षे लागली. तोवर येथील श्रोत्याच्या कानी पडणारा शब्द परगावचा, अनेकदा परदेशचा असे. बी.बी.सी.ने 19 डिसेंबर 1932 रोजी साम्राज्यासाठी स्वतंत्र सेवा उघडली आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेस पंचम जॉर्ज यांनी नाताळचा पहिला ध्वनिक्षेपित संदेश वाचला. त्याचा मजकूर किपलिंगने लिहिला होता. सम्राट जणू प्रत्येक घराच्या दिवाणखान्यात येऊन बोलत आहे, असा आभास निर्माण करणे हा त्या योजनेचा गाभा होता. मंडपातील सभेला हे साम्राज्याने दिलेले एक उत्तरच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

महायुद्धाच्या काळात लंडनहून येणारा शब्द मराठीही झाला. 1942 मध्ये बी.बी.सी.चे मराठी प्रक्षेपण सुरू झाले. जॉर्ज ऑर्वेल त्या काळात पूर्वेकडील सेवेत होता. हिंदुस्थानी भाषांतील वार्तापत्रांसाठी तो इंग्रजीत मजकूर तयार करी आणि वेणू चितळे यांच्यासारखे सहकारी त्यास मराठी रूप देत. भाषा श्रोत्याची, दृष्टी राज्यकर्त्याची, अशी ही विभागणी होती. मराठीत ऐकू येणारे सर्वच मराठी समाजाचे बोलणे नव्हे, हा धडा या उदाहरणावरून संशोधकाने घ्यावा.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्यास सहा केंद्रे आली. त्यांचा आवाज देशाच्या सुमारे अकरा टक्के लोकसंख्येपर्यंतच पोहोचत होता. माहिती व नभोवाणी खाते वल्लभभाई पटेल यांच्याकडे असताना जी विस्ताराची योजना हाती घेण्यात आली, तीत 16 जुलै 1948 रोजी नागपूर केंद्राचे उद्घाटन झाले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि तो प्रांत द्विभाषिक होता. साहजिकच केंद्रासही मराठी व हिंदी या दोन्ही भाषांना वेळ वाटून द्यावा लागला. 1920 च्या नाताळात राष्ट्रीय सभेने जो भाषेचा प्रश्न घटनेच्या कलमांत सोडविला, तोच आता घड्याळाच्या मिनिटांत सोडवावा लागत होता. प्रादेशिक वृत्तांची सोय 1953 मध्ये देशात ज्या केंद्रांवर प्रथम झाली, त्यांत लखनौबरोबर नागपूर होते. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी पन्नाशीच्या दशकात नागपूरच्या याच वृत्तविभागात काम केले. त्यांची मातृभाषा मराठी होती, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी होते. एका घराने दोन वाङ्मयांना कवी द्यावेत, हे त्या काळच्या नागपूरचे यथार्थ चित्र होय.

केंद्राचा दिवस सकाळ, दुपार व सायंकाळ अशा सभांत विभागलेला असे. 'सभा' हा शब्दच मंडपाची आठवण जागती ठेवतो. दिल्लीहून सहक्षेपित होणारी मराठी बातमीपत्रे हे त्या दिवसाचे ठरीव खांब होते; त्यांच्यामध्ये भाषण, संवाद, श्रुतिका, स्त्रियांचे, मुलांचे व शेतकऱ्यांचे कार्यक्रम बसविले जात. भाषणास मोजकी मिनिटे मिळत आणि त्याची संहिता आधी लिहून द्यावी लागे. मंडपात तासभर बोलण्याची सवय असलेल्या वक्त्यास ही शिस्त जाचक वाटणे स्वाभाविक होते. पण तिच्यामुळेच मराठीत लिहून बोलण्याचा एक आटोपशीर गद्यप्रकार घडला.

नाताळच्या दिवशी या चौकटीत ख्रिस्तजन्माविषयी बोलणे ही पन्नाशीच्या दशकातील नागपुरात केवळ सणाची औपचारिकता राहिली नव्हती. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये येथे आल्यापासून शिक्षणाच्या क्षेत्रात मिशनचे कार्य रुजले होते. 1883 चे हिस्लॉप महाविद्यालय ही त्याची खूण. राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्य कार्यालयही नागपुरातच होते. दुसरीकडे, मध्यप्रदेश शासनाने 1954 मध्ये भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी आरंभिली आणि 1956 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबर रोजी डॉ. आंबेडकरांनी याच नगरीत लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्मांतर हा शब्द ज्या शहरात इतका तापलेला होता, तेथे शासनाच्याच मालकीच्या केंद्रावरून अल्पसंख्य समाजाच्या सणास वेळ देणे म्हणजे त्या समाजाचे नागरिकत्व उच्चारून मान्य करणे होते.

हे मान्य करण्यास लागणारी भाषा परकी नव्हती. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोमंतकात छापले गेले ते ओवीत, आणि मुख्यतः मोठ्याने वाचून ऐकविण्यासाठी. रेव्हरंड ना. वा. टिळक धर्मांतरापूर्वी काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने राहिले होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग, भजन व कीर्तन ही मराठी साधने ख्रिस्ती उपासनेत आणली. श्रवणाची ही परंपरा साडेतीन शतकांची होती. नभोवाणीने ती निर्माण केली नाही. तिला शेजारच्या घरापर्यंत नेले. चर्चच्या दाराशी कधी न गेलेला श्रोता आपल्या ओसरीवर बसून तो शब्द ऐकू शकत होता, आणि नको असल्यास यंत्र बंद करू शकत होता. मूक झालेल्या श्रोत्याला एवढे स्वातंत्र्य उरले होते, आणि ते लहान नव्हते.

अशा एका दिवसाचा इतिहास लिहिताना साधनांची मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे. 'दि इंडियन लिसनर' व 1958 पासून त्याचे बदललेले रूप 'आकाशवाणी' यांत कार्यक्रम आगाऊ छापले जात. छापलेला कार्यक्रम म्हणजे योजना. प्रत्यक्ष उच्चार नव्हे. संहिता हाती आली तरी तीत वक्त्याचा स्वर नसतो, आणि श्रोत्याची प्रतिक्रिया तर कोठेच नसते. 1920 च्या मंडपातील आरडाओरडा वृत्तांतांत टिकून राहिला. घराघरांतील मौनाची नोंद कोणी केली नाही. म्हणून केंद्राच्या दप्तराबरोबरच त्या पिढीतील श्रोत्यांच्या आठवणी गोळा करणे, हे उशीर होण्यापूर्वी करण्याचे काम आहे.

1958 च्या नाताळात बी.बी.सी.चे मराठी प्रक्षेपण थांबले. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि 1953 च्या नागपूर करारास अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरू लागले. बहुतेक वर्षी ते डिसेंबरातच येते. वक्तृत्वाचा हंगाम अशा रीतीने पुन्हा त्याच महिन्यात, त्याच शहरात परतला. सम्राटाचा संदेश, लंडनची वार्तापत्रे आणि दिल्लीची बातमीपत्रे यांच्या मागोमाग या शहराला स्वतःचा ध्वनी सापडला, तो 1948 नंतर. त्या ध्वनीत कोणाकोणाला जागा मिळाली, हे तपासण्यास वर्षातला नाताळइतका सोयीचा दिवस दुसरा नाही. कारण बहुसंख्यांच्या सणाला जागा आपोआप मिळते, थोड्यांच्या सणाला ती कोणीतरी विचारपूर्वक द्यावी लागते.