पॅरबल, पॅराबोला आणि तीन टिंबे

इंग्रजीच्या तासाला मुले ‘हायपर्बली’ हा अलंकार शिकतात आणि गणिताच्या तासाला ‘हायपर्बोला’ हा वक्र. तिकडे ‘पॅरबल’ म्हणजे दृष्टांतकथा, इकडे ‘पॅराबोला’ म्हणजे अन्वस्त. तिकडे ‘एलिप्सिस’ म्हणजे वाक्यातला अध्याहृत भाग किंवा तो दाखवणारी तीन टिंबे, इकडे ‘एलिप्स’ म्हणजे लंबवर्तुळ. फरक जेमतेम एकदोन अक्षरांचा. त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो आणि आपण लाल शाईने खूण करून पुढे जातो. पण गोंधळणाऱ्या मुलाला एक खरी गोष्ट दिसलेली असते. हे शब्द नुसते सारखे दिसत नाहीत, ते मुळात एकच आहेत.

ग्रीक भाषेत हे तिन्ही शब्द व्यवहारातले होते. पहिल्याचा अर्थ ‘शेजारी ठेवणे’, दुसऱ्याचा ‘कमी पडणे’ आणि तिसऱ्याचा ‘पलीकडे जाणे’. साहित्यशास्त्राने आणि भूमितीने ते आपापल्या कामासाठी उचलले.

आधी भूमिती पाहू. ग्रीकांना एक कोडे फार आवडे : दिलेल्या रेषाखंडावर दिलेल्या क्षेत्रफळाचा आयत बसवा. समजा, रेषाखंड १० एकक लांब आहे आणि क्षेत्रफळ २४ हवे आहे. आयत १० × २.४ असा घेतला, तर तो रेषाखंडावर नेमका बसतो. हे झाले ‘शेजारी ठेवणे’. आता अट घाला, की आयत अपुरा राहावा आणि उरलेली जागा चौरसाची असावी. मग आयत ६ × ४ होतो आणि ४ × ४ चा चौरस कमी पडतो. उलट, आयत पुढे जावा आणि जास्तीचा भाग चौरस असावा अशी अट घातली, तर तो १२ × २ होतो आणि २ × २ चा चौरस जास्त होतो. आज आपण ज्याला वर्गसमीकरण सोडवणे म्हणतो, तेच हे काम. फक्त बीजगणिताची चिन्हे नाहीत. इ.स.पू. ३०० च्या सुमारास यूक्लिडने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात अशा रचना दिल्या आहेत. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस या पद्धतीचे श्रेय पायथागोरसच्या अनुयायांना देतो.

शंकूचे छेद घेऊन मिळणारे वक्र इ.स.पू. चौथ्या शतकापासून माहीत होते. पण त्यांची नावे शंकूवरून पडलेली होती : काटकोनी शंकूचा छेद, लघुकोनी शंकूचा छेद, विशालकोनी शंकूचा छेद. आर्किमिडीजही हीच नावे वापरतो. इ.स.पू. २०० च्या सुमारास पर्गा येथील अपोलोनियसने दाखवले, की तिन्ही वक्र एकाच शंकूतून मिळतात. फक्त कापणाऱ्या प्रतलाचा कल बदलावा लागतो. आता शंकूवरून पडलेली नावे निरुपयोगी ठरली. नवी नावे त्याने त्या जुन्या कोड्यातून घेतली.

त्याची कसोटी अशी. वक्रावरील बिंदूपासून अक्षावर लंब टाका. त्याची लांबी y आणि शिरोबिंदूपासूनचे अंतर x. प्रत्येक वक्राला p हा एक ठरलेला रेषाखंड असतो. y चा चौरस आणि p व x यांचा आयत यांची तुलना करायची. p = ४ आणि x = ४ घेतले, तर आयत १६ चा. y² = ४x या वक्रात चौरसही १६ : नेमका बसला, तो पॅराबोला. y² = ४x − x²/४ यात चौरस १२ : कमी पडला, तो एलिप्स. y² = ४x + x²/४ यात चौरस २० : वर गेला, तो हायपर्बोला.

आता साहित्याकडे वळू. दोन गोष्टी शेजारी ठेवणे म्हणजे तुलना. म्हणून ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात दाखला देण्याच्या एका प्रकाराला हाच शब्द वापरला आणि पुढे बायबलमधील दृष्टांतांनाही तेच नाव मिळाले. वस्तुस्थितीच्या पलीकडे गेलेले बोलणे ही अतिशयोक्ती. शब्द कमी पडलेले वाक्य म्हणजे एलिप्सिस. ‘पॅरबल’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि वाटेत झिजला. ‘पॅराबोला’ गणिताच्या लॅटिन ग्रंथांतून आला म्हणून शाबूत राहिला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ नुसते ‘बोलणे’ असाही झाला. त्यातूनच ‘बोलणे’ या अर्थाचे फ्रेंच क्रियापद आले आणि त्यावरून ‘पार्लमेंट’!

वर्गात सांगण्याजोगे दोन बारकावे. ‘हायपर्बली’चा शेवटचा ई उच्चारायचा असतो, ‘हायपरबोल’ म्हणणे चूक. एलिप्स आणि एलिप्सिस यांच्या अनेकवचनांचे स्पेलिंग एकच, उच्चार मात्र ‘एलिप्सिझ’ आणि ‘एलिप्सीझ’ असे वेगळे. विशेषणे तर दोन्हीकडे सामाईक आहेत. ‘एलिप्टिकल’ हे विशेषण केप्लरने १६०९ साली मांडलेल्या मंगळाच्या कक्षेलाही लागते आणि शब्द गाळलेल्या वाक्यालाही. अर्थ संदर्भावरूनच ठरवायचा.

आपल्या परिभाषेतही हे धागे आहेत. संस्कृतात ‘अस्त’ म्हणजे फेकलेले. अनु + अस्त हे अन्वस्त, अप + अस्त हे अपास्त. ग्रीक शब्दांतील ‘बोले’ हा भागही ‘फेकणे’ या क्रियापदाचाच आहे. आणि ‘वृत्त’ पाहा : भूमितीत ते वर्तुळ, कवितेत भुजंगप्रयात, वर्तमानपत्रात बातमी. मूळ धातू एकच, ‘वृत्’.

भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून एक तास घ्यावा. वरची तीन समीकरणे आलेख कागदावर एकाच शिरोबिंदूपासून काढावीत आणि शेजारी एक दृष्टांत, एक अतिशयोक्ती आणि एक अपुरे वाक्य लिहावे. मग मुलांना प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारावा : नेमके बसले, कमी पडले, की वर गेले? हा प्रश्न कळला, की सहा शब्द सहा वेळा पाठ करावे लागत नाहीत.