जागतिक संगणकीय प्रतिमान

लोकसंख्या, अन्नोत्पादन, औद्योगिक भांडवल, प्रदूषण आणि पुन्हा निर्माण न होणारी नैसर्गिक साधनसंपत्ती यांचे परस्परसंबंध समीकरणांत मांडून, मानवी समाजाची वाढ पृथ्वीच्या मर्यादेत कितपत टिकेल हे अंकीय संगणकाच्या साह्याने तपासण्याची पद्धती.

या पद्धतीचा उगम उद्योगव्यवस्थापनात आहे. अमेरिकन अभियंते जे राइट फॉरेस्टर (१९१८–२०१६) यांच्या नेतृत्वाखाली मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘व्हर्लविंड’ हा प्रारंभीचा अंकीय संगणक उभारण्यात आला. १९५६ मध्ये ते तेथील व्यवस्थापन विभागात गेले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीतील कारखान्यांत कधी जादा पाळ्या, तर कधी कामगारकपात असे चक्र चाले. त्याचे मूळ केवळ बाजारातील मागणीत नसून कंपनीच्या स्वतःच्या निर्णयांतही आहे, असे फॉरेस्टर यांना आढळले. परिणाम उलटून कारणावर क्रिया करतो, या पुनःप्रदायाच्या तत्त्वावर त्यांनी प्रणाली गतिकी ही शाखा उभारली. तिचे विवेचन इंडस्ट्रियल डायनॅमिक्स (१९६१) या ग्रंथात आहे.

इटालियन उद्योगपती औरेलिओ पेच्चेई यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लब ऑफ रोम’ या मंडळाने १९७० मध्ये हीच पद्धती जगाच्या प्रश्नांना लावण्याचे ठरविले. फॉरेस्टर यांच्या आराखड्यावरून डेनिस व डोनेला मेडोज आणि त्यांचे सहकारी यांनी ‘वर्ल्ड-३’ हे प्रतिमान तयार केले. त्याचे निष्कर्ष द लिमिट्स टू ग्रोथ (१९७२) या ग्रंथात प्रसिद्ध झाले. प्रचलित प्रवृत्ती कायम राहिल्यास शंभर वर्षांच्या आत वाढीची मर्यादा गाठली जाईल व त्यानंतर लोकसंख्या आणि उत्पादन यांत घसरण होईल, असे त्यात दाखविले होते. साधनसंपत्ती दुप्पट गृहीत धरली, तरी प्रदूषणामुळे ऱ्हास ओढवे. केवळ तंत्रविद्येने मर्यादा पुढे ढकलली जाते, नाहीशी होत नाही, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होय. लोकसंख्या व भांडवल यांची वाढ वेळीच आवरल्यास मात्र समतोल साधता येतो, असेही त्यात म्हटले होते. तेव्हा हे भविष्यकथन नसून गृहीतकांच्या परिणामांचे गणित होते.

या प्रतिमानावर कठोर टीका झाली. ससेक्स विद्यापीठातील अभ्यासकांनी १९७३ मध्ये त्याची गृहीतके निराशावादी ठरविली. अर्जेंटिनातील बारिलोचे प्रतिष्ठानाने १९७६ मध्ये पर्यायी प्रतिमान मांडले. गरीब देशांपुढील खरा अडथळा निसर्गाचा नसून विषम वाटपाचा आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ऑस्ट्रेलियन संशोधक ग्रॅहम टर्नर यांना २००८ मध्ये १९७०–२००० या काळातील प्रत्यक्ष आकडेवारी मूळ प्रतिमानाच्या प्रमाण आलेखांशी बरीच जुळती आढळली.

मर्यादांचे गणित करणारा संगणक स्वतः त्या मर्यादांबाहेर नाही. २०२२ मध्ये जगात सु. ६·२ कोटी टन विद्युत् व इलेक्ट्रॉनीय कचरा निर्माण झाला. त्यापैकी एक-चतुर्थांशाहून कमी कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनश्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये विदा केंद्रांनी जगातील सु. १·५ टक्के वीज वापरली.